परसात लिंबू-संत्री लावताना: कलमाच्या निवडीपासून फळ उतरवण्यापर्यंत

परसात हौसेनं लावलेलं लिंबाचं झाड दोन-तीन वर्षं बरं वाढतं, मग एकेक फांदी वाळत जाते आणि शेवटी अख्खं झाड जातं. अशा वेळी दोष बहुधा किडीला नाहीतर उन्हाला दिला जातो. पण खोडाजवळची माती उकरून पाहिली की वेगळंच दिसतं. कलमाची गाठ (वरची जात खालच्या मुळांच्या झाडाला जिथे जोडतात ती जागा) मातीखाली गाडली गेलेली असते, खोडाभोवती खोलगट आळं असतं, त्यात रोज पाणी सोडलेलं असतं आणि बुंध्याची साल तपकिरी होऊन मऊ पडलेली असते. लिंबूवर्गीय झाडं पाण्यावाचून जितकी मरतात, त्याहून किती तरी जास्त पाण्यापायी मरतात. म्हणून या लेखात कलम, जागा, निचरा आणि लावणीची उंची यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे. हे चार मुद्दे साधले तर पुढची बरीच दुखणी येतच नाहीत. ते चुकले तर खतं आणि फवारण्या कितीही केल्या तरी झाड सावरत नाही.

कोणतं झाड लावायचं?

सुरुवात आपल्या आवडीपासून न करता हवेपासून करा. लिंबूवर्गीय झाडांची वाढ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास थांबते आणि ३७-३८ अंशांच्या वर पुन्हा मंदावते. मधली उबदार हवा त्यांना सगळ्यात मानवते. थंडी सोसण्याची ताकद मात्र प्रत्येकाची वेगळी. महाळुंग आणि कागदी लिंबू सगळ्यात नाजूक, हलकं दहिवर (गोठलेलं दव) पडलं तरी त्यांचे शेंडे करपतात. त्यांच्यापेक्षा मोठं पिवळं लिंबू थोडं काटक, मग ग्रेपफ्रूट, मोसंबी-माल्टासारखी गोड संत्री, आणि त्याहून काटक सैल सालीचं साधं संत्रं. सातसुमा जातीचं संत्रं आणि कुमक्वाट ही या कुळातली सर्वांत थंडी सोसणारी खाण्याची फळं. जिथे दर हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे कागदी लिंबू जमिनीत लावण्याचा हट्ट धरू नये, ते कुंडीतच ठेवावं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. गोड फळाला साखर भरण्यासाठी लांबलचक उबदार हंगाम लागतो, आंबट फळाला तेवढा लागत नाही. त्यामुळे जिथे उन्हाळा सौम्य असतो तिथेही लिंबू चांगलं येतं, ग्रेपफ्रूट मात्र आंबट-कडूच राहतं. हवा उष्ण आणि दमट असेल तर पपनस सुखात वाढतं. कागदी लिंबूही तिथे भरपूर फळतं, पण त्यावर खैऱ्या (पान-फळांवर खरखरीत डाग पाडणारा रोग) हमखास येतो, त्याची तयारी ठेवावी लागते.

रंगाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. सालीचा नारिंगी रंग थंड रात्रींमुळे येतो. जिथे रात्रीही ऊबदार असतात, तिथे संत्रं-मोसंबी आतून पूर्ण पिकली तरी बाहेरून हिरवी राहू शकतात. हे झाडाचं किंवा जातीचं दुखणं नव्हे.

कुळाची थोडी ओळखही निवडीला कामी येते. आज आपण खातो त्यातली बहुतेक लिंबूवर्गीय फळं पपनस, संत्रं आणि महाळुंग या तीन मूळ जातींच्या आणि त्यांच्या काही रानटी भाऊबंदांच्या संकरातून आलेली आहेत. गोड संत्रं म्हणजे पपनस आणि संत्र्याचं अपत्य. पिवळं लिंबू आंबट संत्रं आणि महाळुंग यांच्या संकरातलं. ग्रेपफ्रूट पपनस आणि गोड संत्रं यांचं. कागदी लिंबातही महाळुंगाचा अंश आहे, आणि थंडीचा नाजूकपणा दोघांतही आहे. पपनसाच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागानं फळ धरत नाहीत, त्यांना शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. कागदी लिंबू, मोसंबी, ग्रेपफ्रूट, सातसुमा यांना जोडीदाराची गरज नाही.

परसात एकच झाड लावायला जागा असेल तर माझं मत सरळ आहे: कागदी लिंबू किंवा मेयर लिंबू. दोन्ही लवकर फळतात आणि जवळपास वर्षभर थोडंथोडं देत राहतात, त्यामुळे एका झाडावर घराची गरज भागते. मेयर हे लिंबू आणि संत्र्याच्या वळणाचा संकर आहे. वनस्पती गोळा करणारे फ्रँक मेयर यांनी ते १९०८ साली चीनमधून अमेरिकेत नेलं. त्याची साल पातळ, आंबटपणा सौम्य, काटे कमी आणि थंडी सोसण्याची ताकद इतर लिंबांपेक्षा जास्त. दुसऱ्या झाडाला जागा असेल तर आपल्या हवेत गोडी भरणारं एखादं संत्रं किंवा मोसंबी घ्या. एकाच जातीची तीन-चार झाडं लावू नका, सगळी फळं एकदम येतात आणि वाया जातात.

बी पेरावं की कलम आणावं?

लिंबूवर्गीय बियांचा एक विशेष गुण आहे. कागदी लिंबू, गोड संत्रं आणि संत्र्याच्या बहुतेक जाती यांच्या एका बीत अनेक गर्भ असतात, आणि त्यांतले बरेच परागाशिवाय, थेट आईच्याच पेशींतून तयार झालेले असतात. एका बीतून दोन-तीन रोपं उगवताना दिसतात ती यामुळेच. अशी रोपं आईसारखीच निपजतात. पपनस आणि महाळुंगाच्या बीत मात्र एकच, संकरातून आलेला गर्भ असतो. त्याचं रोप आईपेक्षा वेगळं निघण्याचीच शक्यता जास्त.

पण आईसारखं निपजलं तरी बीचं रोप बालपणातून हळूहळू बाहेर येतं. सरळ उंच वाढतं, लांब तीक्ष्ण काटे धरतं आणि फळायला पाच ते आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतं. चांगलं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देऊ लागतं. कागदी लिंबाची बियांपासून केलेली रोपं सर्रास लावली जातात आणि चालतातही. गोड फळांसाठी मात्र कलमच घ्यावं.

कलम घ्यायचं खरं कारण खाली, खुंटात आहे. ज्या मुळांच्या झाडावर हव्या त्या जातीचा डोळा बांधतात, तो खुंट. वरचा डोळा फळाची जात ठरवतो. खुंट ठरवतो की झाड ओल्या मातीत टिकेल का, चुनखडीत पिवळं पडेल का, किती उंच होईल. म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर पहिला प्रश्न जातीचा नको, ‘खुंट कोणता?’ हा विचारा.

जंबेरीचा खुंट जोमदार. हलक्या, वालुकामय जमिनीत आणि पाण्याच्या ताणात तो उत्तम चालतो, पण साचलेल्या पाण्यात बुंधा कुजतो आणि फळाची प्रतही जरा कमी राहते. रंगपूर लिंबाचा खुंट ताण आणि क्षार बऱ्यापैकी सोसतो. तीन पानांच्या संत्र्याचा म्हणजे ट्रायफोलिएटचा खुंट थंडीला आणि मूळकूज बुरशीला सगळ्यात काटक, फळही सुरेख देतो, पण चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पाडतो. त्याचाच ‘फ्लाइंग ड्रॅगन’ नावाचा वेडावाकडा प्रकार झाड बुटकं ठेवतो, लहान परसाला तो फार सोयीचा. आंबट संत्र्याचा खुंट चुनखडी आणि बुंधाकूज दोन्ही सोसतो, पण त्यावर बांधलेलं गोड संत्रं, संत्रं किंवा ग्रेपफ्रूट ट्रिस्टेझा या विषाणूला बळी पडतं. १९३० च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत या रोगानं लक्षावधी झाडं गेली, ती बहुतेक याच खुंटावरची होती. मावा हा विषाणू पसरवतो, त्यामुळे ट्रिस्टेझा असलेल्या भागात हा खुंट नकोच.

कलम निवडताना उंची आणि फळं पाहून भुलू नका. लहान पिशवीत फळांनी लगडलेलं कलम बहुधा मुळांनी अडकलेलं आणि थकलेलं असतं. त्यापेक्षा वर्ष-दीड वर्षाचं, बोटाएवढ्या जाड खोडाचं, गर्द हिरव्या पानांचं कलम घ्या. डोळा भरल्याची जागा जमिनीपासून किमान १५ ते २० सेंटीमीटर वर हवी. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गुंडाळलेली नसावीत. बुंध्यावर डिंक ओघळलेला नसावा. पानांवर उंचावटे असलेले खरखरीत डाग किंवा वेडीवाकडी पिवळी-हिरवी झाक दिसली तर ते कलम उचलूच नका. शासनमान्य, रोगमुक्त मातृवृक्षांपासून केलेलं कलम मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. ओळखीच्या परसातून काडी किंवा रोप आणणं मात्र टाळाच. या कुळातले सगळ्यात वाईट रोग अशाच प्रेमानं दिलेल्या काड्यांतून पसरतात.

जागा आणि मातीची परीक्षा

दिवसाला किमान सहा, शक्यतो आठ तास थेट ऊन हवं. कमी उन्हात झाड जगतं, पण पानं वाढतात आणि फळं येत नाहीत. थंड हवेत ऊन घेणाऱ्या भिंतीपासून दोन-अडीच मीटरवर लावलं तर भिंतीची ऊब रात्री मिळते. जोराचा वारा येत असेल तर आडोसा पाहावा, कारण वाऱ्यानं काटे पानांवर आणि फळांवर ओरखडे काढतात आणि त्या जखमांतून खैऱ्या शिरतो. बुटक्या खुंटावरचं झाड अडीच-तीन मीटर जागेत मावतं, जोमदार खुंटावरच्याला पाच-सहा मीटर मोकळे हवेत. हिरवळीच्या मधोमध झाड लावू नये. गवताला रोज थोडं पाणी लागतं, झाडाला क्वचित पण भरपूर, या दोन गरजा एका जागी जमत नाहीत.

आता निचरा. लावायच्या जागी ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्यानं भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून दर तासाला पातळी मोजा. तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर पाणी उतरत असेल तर उत्तम. त्याहून भराभर उतरत असेल तर माती हलकी आहे, पाणी जास्त वेळा द्यावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच उभं असेल तर त्या जागी सपाट जमिनीत झाड लावायचं नाही. तिथे उंचवटा करावाच लागेल, तो कसा ते पुढे येतंच.

मातीचा सामू (pH) ६ ते ७ च्या आसपास असावा. प्रयोगशाळेत तपासून घेतला तर चांगलंच, पण चुनखडीची एक ढोबळ परीक्षा घरीही होते. चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता. कान जवळ नेला तर बारीक सरसर ऐकू येते, कडेला बुडबुडे उठतात. असं झालं तर मातीत मोकळा चुना आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. तिथे ट्रायफोलिएट खुंट नको.

लावणी

थंड प्रदेशात दहिवराचा धोका संपल्यावर, इतरत्र पावसाच्या सुरुवातीला किंवा कडक ऊन ओसरल्यावर लावावं. ऊन उतरल्यावरची संध्याकाळची वेळ चांगली.

खड्डा किती मोठा, यावर मतभेद आहेत. मुरमाड, कडक जमिनीत ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन चांगली माती भरणं योग्यच आहे. भारी, चिकण जमिनीत मात्र मी ते करणार नाही. आजूबाजूला घट्ट माती आणि मध्ये भुसभुशीत खताची माती असं झालं की खड्डा पाण्याचं भांडं बनतो आणि मुळं त्यात बुडतात. अशा ठिकाणी खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, पण दोन-तीन पट रुंद घ्यावा आणि काढलेलीच माती परत भरावी. निचरा नापास झालेल्या जागी तर खड्डाच नको. जमीन कुदळून सैल करा, वर ३० ते ४५ सेंटीमीटर उंच आणि निदान सव्वा-दीड मीटर रुंद मातीचा पसरट उंचवटा करा आणि त्याच्या माथ्यावर झाड लावा.

पिशवी उभी चिरून काढा. गोळ्याच्या बाहेरचा दोन-तीन सेंटीमीटर थर पाण्याच्या हलक्या धारेनं धुऊन टाका, म्हणजे बाहेरच्या मुळांची टोकं नव्या मातीला थेट भिडतील. पिशवीतलं मिश्रण आणि बाहेरची माती वेगळी असते आणि त्या सीमेवर पाणी अडतं. गोल फिरलेली मुळं कात्रीनं सरळ कापा.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट, उंची. झाड पिशवीत ज्या पातळीवर होतं, त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर बसलं पाहिजे. मोकळी माती पाण्यानं खाली बसते आणि झाडही तिच्याबरोबर बसतं, हे गृहीत धरूनच ही उंची ठेवायची. खड्ड्यावर काठी आडवी ठेवून पाहा: गोळ्याचा माथा काठीच्या किंचित वर दिसायला हवा. कलमाची गाठ तर मातीपासून वितभर उंच राहिली पाहिजे, आज आणि पाच वर्षांनीही. माती भरा, हातानं दाबा, पायानं तुडवू नका. लगेच दोन-तीन बादल्या पाणी द्या. डोळ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा, ती पुढे खोडाला आवळते. खतं या वेळी घालायची नाहीत, नव्या मुळांना ती जाळतात. खोड उघडं आणि ऊन कडक असेल तर बुंध्याला पातळ चुना लावा, साल भाजत नाही.

पाणी

झाडाला पाणी देताना आपली नजर खोडाकडे जाते आणि तिथेच चूक होते. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या ३० ते ६० सेंटीमीटर मातीत, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्याजवळ पाणी साचवून त्यांना काही मिळत नाही, बुंधा-मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीला मात्र आयतं घर मिळतं. म्हणून दुहेरी आळं करा. खोडाभोवती वितभर अंतर सोडून मातीचा एक बांध, आतली जागा कोरडी आणि खोडाकडे उंच होत गेलेली. दुसरा बांध फांद्यांच्या घेराच्या थोडा बाहेर. पाणी द्यायचं ते या दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यात. झाड वाढेल तसे दोन्ही बांध बाहेर सरकवत न्या. ठिबक असेल तर तोट्या खोडापासून लांब, दोन्ही-चारही बाजूंना ठेवा.

लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे गोळा सुकता कामा नये. दोन-तीन दिवसांआड पाणी द्या, पण बोटभर माती उकरून ओल पाहूनच. त्यानंतर अंतर वाढवत आठवड्यावर न्या. मोठं झाड भारी जमिनीत दहा-पंधरा दिवसांनीही भागवतं. वरची चार-पाच सेंटीमीटर माती कोरडी आणि त्याखाली हलकी ओल, ही पाणी देण्याची खूण. पानं दुपारी जराशी गुंडाळली आणि संध्याकाळी सरळ झाली तर घाबरू नका. सकाळीही गुंडाळलेलीच असतील तर पाणी हवं आहे. पानं पिवळी पडून गळत असतील आणि माती ओली असेल तर पाणी थांबवा. अशा वेळी बहुतेक जण आणखी पाणी घालतात आणि झाड तिथेच संपतं.

पाला-पाचोळ्याचं पाच ते आठ सेंटीमीटर आच्छादन मुळांना गार ठेवतं. ते खोडापासून वितभर दूर हवं. पाण्यात मोठे खंड पडले आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की मोठी झालेली फळं उकलतात.

खत, आणि पानं काय सांगतात

लिंबूवर्गीय झाडं खादाड आहेत, नत्राची त्यांना सतत गरज असते. पहिल्या वर्षी सुमारे १०० ग्रॅम नत्र, तेही तीन-चार हप्त्यांत, पुढे दरवर्षी साधारण तेवढंच वाढवत पूर्ण वाढलेल्या झाडाला ४०० ते ६०० ग्रॅमपर्यंत, असा ढोबळ हिशोब धरावा. १०० ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे २२० ग्रॅम युरिया. शेणखत किंवा कंपोस्ट वापरत असाल तर घमेलंभर खत घेराखाली पसरून आच्छादनाखाली झाकावं, जमीन खोल खणू नये, वरची मुळं तुटतात. खत नेहमी ओल्या मातीवर, खोडापासून दूर.

कमतरता पानांवर वाचता येते, आणि ती कोणत्या पानांवर दिसते हे आधी पाहायचं. जुनी पानं सरसकट फिकी पिवळी झाली तर नत्र कमी. जुन्याच पानांत देठाकडे हिरवा, उलट्या V सारखा भाग उरून बाकी पिवळं झालं तर मॅग्नेशियम कमी. नवी पानं पिवळी आणि शिरांचं जाळं हिरवं असेल तर लोह. नवी पानं लहान, अरुंद, टोकदार आणि शिरांमध्ये ठळक पिवळे पट्टे असतील तर जस्त. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून कोवळी पालवी निम्मी-अधिक मोठी झाल्यावर फवारावं. पण ही फवारणी करण्याआधी बुंधा आणि निचरा तपासा. मुळं कुजली की हीच लक्षणं दिसतात आणि मग जस्त-लोहाचा उपयोग होत नाही.

बहार आणि फळगळ

या झाडांना फुलोरा येतो तो विश्रांतीनंतर. थंड प्रदेशात हिवाळा ती विश्रांती देतो, उष्ण प्रदेशात पाण्याचा ताण. पाणी तोडून पानं किंचित मलूल होऊ द्यायची आणि मग खत-पाणी सुरू करायचं, यालाच बहार धरणं म्हणतात. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, भारीत जास्त. हे चार-पाच वर्षांच्या धडधाकट झाडालाच करावं, लहान झाडाला ताण देऊ नये. परसातल्या कागदी लिंबाला तर बहुधा त्याची गरजही पडत नाही.

पहिली दोन वर्षं आलेली फळं वाटाण्याएवढी असतानाच खुडून टाका. मन होत नाही, तरी खुडा. झाडानं आधी मुळं आणि फांद्या करायला हव्यात.

फुलं मात्र गळणारच. शंभरातली एक-दोन फुलं पिकल्या फळापर्यंत पोहोचली तरी झाडावर भरपूर फळ दिसतं. फुलोऱ्यानंतर एकदा आणि फळं गोटीएवढी झाल्यावर पुन्हा एकदा झाड स्वतःच ओझं उतरवतं. त्यासाठी औषधं मारत बसू नये.

छाटणी

फार कमी. कलमाच्या गाठीखालून फुटलेली प्रत्येक फूट दिसताक्षणी बोटानं मोडायची. ट्रायफोलिएट खुंट असेल तर तिला तीन-तीन पानं असतात, ओळखायला सोपी जाते. ती वाढू दिली तर काही वर्षांत वरची जात मागे पडते आणि झाड निराळीच आंबट-कडू फळं देऊ लागतं. आतून सरळसोट वर जाणारे पाणसोट आणि वाळक्या काड्या काढा. खालच्या फांद्या जमिनीपासून गुडघाभर सोडून बाकी तशाच ठेवा, त्यांच्यावरच भरपूर फळ येतं आणि त्यांच्या सावलीनं खोडाची साल सुरक्षित राहते.

कीड आणि रोग

कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा ओढणारी नागअळी लहान झाडांवर त्रास देते, मोठ्या झाडाला तिचं विशेष वाटत नाही. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या मात्र रातोरात शेंडा फस्त करतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. हात लावला तर डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. त्या हातानं वेचणं हाच परसातला सगळ्यात चांगला उपाय.

पानं काळ्या काजळीनं माखली असतील तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड वर बसलेली आहे. तिच्या गोड चिकट स्रावावर ही बुरशी वाढते. मुंग्या तो स्राव खायला येतात आणि किडीचं रक्षण करतात. बुंध्यावर चिकट पट्टा बांधून आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून मुंग्यांची वाट बंद केली की ही कीड खाणारे ढालकिडे आपलं काम करतात. त्यांची ताकद मोठी आहे. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बागा एका खवले किडीनं उद्ध्वस्त होत होत्या, त्या ऑस्ट्रेलियातून आणलेल्या छोट्या वेदालिया ढालकिड्यानं वाचवल्या. म्हणून दिसेल त्या किड्यावर जहाल औषध फवारू नका. लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल, साबणाच्या दोन थेंबांसह, संध्याकाळी पानांच्या खालून फवारणं परसाला पुरतं.

खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग आहे. पान, काडी, फळ तिन्हींवर उंचावटे असलेले, बुचासारखे खरखरीत डाग, भोवती पिवळं कडं. कोरड्या हवेत रोगट काड्या छाटा, नव्या पालवीवर लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारा, ओल्या पानांत काम करू नका. डिंक्या रोगात बुंध्याची साल फुटून डिंक ओघळतो. रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडा, माती दूर करून बुंधा उघडा करा आणि १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणातल्या बोर्डो मलमाचा लेप द्या. एका झाडाला अर्थात याच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढाच लागतो.

सगळ्यात गंभीर रोग ग्रीनिंग. तो सिट्रस सिला नावाच्या बारीक किडीमुळे पसरतो. ती कोवळ्या फुटीवर शेपूट वर करून तिरकी बसलेली दिसते, तिची पिल्लं पांढरे मेणचट धागे सोडतात. रोगट पानावर पिवळे-हिरवे डाग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना असमान असतात, अन्नद्रव्याच्या कमतरतेत ते दोन्हीकडे सारखे असतात. फळ वाकडं, खालच्या टोकाला हिरवंच राहिलेलं. यावर इलाज नाही. खात्री झाली की झाड मुळासकट काढणं हाच शेजारच्या झाडांना वाचवायचा मार्ग. कढीपत्ता आणि कामिनी या किडीला तितक्याच आवडतात. परसात त्या असतील तर त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवरही नजर ठेवा.

कुंडीत लावायचं असेल तर

मेयर, कागदी लिंबू, कुमक्वाट आणि कॅलामॉन्डिन कुंडीत चांगले राहतात. कुंडी एकदम मोठी नको, मुळांपेक्षा थोडी मोठी घेऊन दोन-तीन वर्षांनी बदलत ४५-५० सेंटीमीटर व्यासापर्यंत न्यावी. माती भरड, निचऱ्याची. तळाशी पाणी भरलेली ताटली कायम ठेवू नये. कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून कमी प्रमाणात पण वारंवार द्यावं.

फळ उतरवणं

लिंबूवर्गीय फळं तोडल्यावर पिकत नाहीत. झाडावर जेवढी गोडी भरली तेवढीच. कागदी लिंबू फुलापासून पाच-सहा महिन्यांत तयार होतं, संत्रं आणि मोसंबी आठ-नऊ महिन्यांत, ग्रेपफ्रूट आणखी उशिरा. लिंबाची साल गुळगुळीत, पातळ आणि किंचित पिवळसर झाली की रस भरला. गोड फळांत रंगावर विसंबू नका, एक फळ तोडून चाखा, हातात जड लागतं का पाहा. मोसंबी-ग्रेपफ्रूट पिकल्यावरही काही आठवडे झाडावर टिकतात. सैल सालीची संत्री मात्र वेळेवर काढा, उशीर केला तर आतून कोरडी आणि पोकळ होतात, आणि पुढच्या वर्षीचा फुलोराही घटतो.

फळ ओढू नका, देठापाशी कात्रीनं कापा. ओढलेल्या फळाची देठाची साल निघते आणि तिथून ते सडतं. पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळी दव असताना फळं काढू नयेत. त्या वेळी साल पाण्यानं तट्ट फुगलेली असते, बोटांच्या दाबानंही तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि एक-दोन दिवसांत तिथे तपकिरी डाग पडतात. साल कोरडी झाल्यावर, दुपारच्या आसपास काढा आणि सावलीत पसरून ठेवा.